पुलाखालचा ट्रोल आणि भोपळ्यातली म्हातारी: नॉर्वेच्या लोककथा टिपणाऱ्यांबद्दल

कुडकुड

ऑस्लोत येऊन सहा वर्षं झाली. लेक इथल्या बालवाडीत जाते. गेल्या आठवड्यात मुलांनी पालकांसमोर एक गोष्ट करून दाखवली. दोन बाकांवर टाकलेली फळी म्हणजे पूल. फळीखाली गोधडी पांघरून बसलेला मुलगा म्हणजे ट्रोल, इथल्या गोष्टींतला राक्षस. तीन बोकड डोंगरावरच्या उन्हाळी कुरणात चरून गलेलठ्ठ व्हायला निघालेत, तिघांचंही नाव ब्रूसे. धाकटा पुलावर आला की ट्रोल ओरडतो, "माझ्या पुलावर कोण टपटप करतंय रे?" धाकटा म्हणतो, मी एवढासा, मला खाऊन तुझं काय होणार, थांब जरा, मागून मधला येतोय. मधला म्हणतो, मागून थोरला येतोय. थोरला येतो आणि शिंगांनी ट्रोलचा पार भुगा करून टाकतो. आमचा ट्रोल ऐन वेळी रडायला लागला, त्यामुळे थोरल्या बोकडाने त्याला शिंगं मारायच्या ऐवजी हात धरून बाहेर काढलं. असो.

टाळ्या चालू होत्या आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं, "लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा." शेजारी बसलेल्या एका आजोबांनी विचारलं, काय म्हणालात? मग त्यांना भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, ही तर आमचीच! मी म्हटलं, नाही हो, आमची. घरी येऊन शोधलं तर दोघांचंही खरं होतं. लोककथांचे अभ्यासक सारख्या कथांना क्रमांक देतात. तीन बोकडांचा क्रमांक १२२ ई, म्हणजे "मागून जाडा येतोय, थांब". "मी जाडी होऊन येते, थांब" हिचा १२२ एफ. अगदी शेजारशेजारची बिऱ्हाडं.

तिथून जे वाचत सुटले ते इथे ओतते आहे. लांबण लागेल.

ही गोष्ट कागदावर आली ती दोन मित्रांमुळे. पेटर क्रिस्टेन आस्ब्यर्नसेन (जन्म १८१२) हा आजच्या ऑस्लोतल्या, तेव्हाच्या क्रिस्तियानियातल्या, काचकाम करणाऱ्याचा मुलगा. यर्गेन मू (जन्म १८१३) हा रिंगेरिके भागातल्या सधन शेतकऱ्याचा. (स्पेलिंग बघून आपण "मोए" म्हणू, पण इथे "मू" म्हणतात.) शहरातलं पोरगं अभ्यासात लक्ष देईना म्हणून बापाने त्याला रिंगेरिकेत नूर्डेरहोवला शिकायला धाडलं. तिथे १८२६ च्या सुमारास दोघांची गाठ पडली, एक चौदाचा, एक तेराचा. पुढे एक झाला प्राणिशास्त्रज्ञ आणि वनाधिकारी, दुसरा पाद्री, कवी आणि शेवटी बिशप. आयुष्यभराच्या या दोस्तीतून जे निघालं ते आज नॉर्वेच्या घराघरात आहे.

काळ लक्षात घ्या. नॉर्वे चारशेहून अधिक वर्षं डेन्मार्कच्या राजाखाली होता. १८१४ साली तिथून सुटला, १७ मेला स्वतःची राज्यघटना केली, आणि वर्ष सरायच्या आत स्वीडनच्या राजाशी जोडला गेला तो १९०५ पर्यंत. राज्यघटना होती, पण लिहायची भाषा? डॅनिश. शाळेत, चर्चमध्ये, कचेरीत डॅनिश. घरात, गोठ्यात, कुरणावर मात्र प्रत्येक दरीची आपापली बोली. आणि गोष्टी सगळ्या त्या बोलींत.

ग्रिम बंधूंचं पुस्तक १८१२ ते १५ मध्ये आलेलं होतं, या दोघांनी ते वाचलं होतं. पण ग्रिमना लिहायला जर्मन तयार होती. हे दोघे कशात लिहिणार? शुद्ध डॅनिशमध्ये लिहिलं तर गोष्टीचा जीव जातो. बोलीत लिहिलं तर कुठल्या दरीच्या? तिला ठरलेलं शुद्धलेखन नाही, आणि शहरातला गिऱ्हाईक पुस्तक मिटून ठेवणार. मग त्यांनी एक मधली वाट काढली. वर्तनी बहुतेक डॅनिश ठेवली, पण वाक्य बोललं जातं तसं लिहिलं. ज्या शब्दांना डॅनिशमध्ये जोड नव्हती ते तसेच ठेवले. डोंगरावरच्या उन्हाळी गुरवस्तीला "सेटर" म्हणतात. सपाट डेन्मार्कमध्ये डोंगरच नाहीत, तिथे सेटर कुठून येणार?

१८४० मध्ये वर्गणीदार मिळवण्यासाठी आवाहन काढलं, १८४१ मध्ये पहिली पुस्तिका आली. पातळशी, शीर्षकाचं पान नाही, संग्राहकांची नावंही नाहीत. १८४४ पर्यंत आणखी हप्ते आले. १८५२ मध्ये दुसरी आवृत्ती निघाली, तिला मूची लांबलचक विद्वान प्रस्तावना आणि मागे टिपा. जर्मनीत याकोब ग्रिमने या कथा वाखाणल्या. १८५९ मध्ये डॅसेंट नावाच्या अनुवादकाने त्या इंग्रजीत नेल्या आणि तिथून बोकड जगभर गेले. इंग्रजीतून ज्यांनी वाचली त्यांना बोकडांचं आडनाव "ग्रफ" वाटतं, ती डॅसेंटची करामत. मूळ ब्रूसेचा संबंध बोकडाच्या कपाळावरच्या केसांच्या झुबक्याशी.

माझा प्रश्न पुढचा आहे. यांनी गोष्टी "जपल्या" असं सगळीकडे लिहिलेलं असतं. पण जपल्या म्हणजे नेमकं काय केलं?

---

हळदुली

मस्त धागा. वाचनखूण साठवली. एक दुरुस्ती: "जाडजूड" नाही, "लठ्ठमुठ्ठ होईन". आमच्याकडे लठ्ठमुठ्ठच.

---

पाटावरवंटा

आमच्याकडे तूपरोटी नाही, "दूधभात खाईन". आणि वाघाच्या आधी कोल्हा भेटतो.

---

नानबा

कोल्हा? कोल्ह्याला म्हातारी खायची ताकद कुठून आली?

धागा आवडला. आम्ही लहानपणी ही गोष्ट ऐकली तेव्हा भोपळा लाल होता की दुध्या यावरून भावंडांत मारामारी झालेली आठवते. बसून जायचं तर लालच हवा.

---

शंकासुर

कुडकुड, तुमच्याच लेखातून एक प्रश्न. "वर्तनी डॅनिश, वाक्य बोलीचं" असं यांनी स्वतः ठरवून लिहिलं असेल तर याला लोककथा का म्हणायचं? ती आस्ब्यर्नसेन-मू यांची शैलीदार कथा झाली. शेतकऱ्याने सांगितलेलं एक, छापलेलं दुसरं. याला संग्रह म्हणत नाहीत, लेखन म्हणतात.

---

कुडकुड

शंकासुर, हाच तो प्रश्न, आणि इथले लोकही दीडशे वर्षं यावर भांडताहेत.

दोघांनी हे कधी लपवलं नाही. एकाच कथेची चार-पाच रूपं हाती यायची. एकीचा आरंभ चांगला, दुसरीचा शेवट, तिसरीतलं संभाषण झकास. ते जुळवून एक पूर्ण कथा उभी करायची, आणि टिपांमध्ये कुठल्या भागातून कुठलं रूप मिळालं ते सांगायचं. त्यांच्या डोक्यात ते स्वतःच सांगणारे होते, सांगणाऱ्यांच्या साखळीतली पुढची कडी. हळदुली, पाटावरवंटा आणि माझं भांडण तुम्ही वर पाहिलंतच. उद्या मला भोपळ्याची गोष्ट छापायची झाली तर तूपरोटी लिहू की दूधभात? दोन्ही लिहिलं तर गोष्ट राहत नाही, तक्ता होतो. एकच लिहिलं तर पाटावरवंटा माझ्या नावाने खडे फोडणार.

पण आस्ब्यर्नसेनने एकट्याने जे पुस्तक केलं (हुल्ड्रा आणि दंतकथांचं, १८४५ आणि १८४८) तिथे त्याने वेगळीच युक्ती केली. हुल्ड्रा म्हणजे रानातली देखणी बाई, पाठमोरी झाली की गाईचं शेपूट दिसतं. या पुस्तकात तो नुसती कथा देत नाही. शहरी लेखक शिकारीला, मासे धरायला किंवा नुसता भटकायला निघतो. वाटेत कोणीतरी भेटतं: थडगी खणणारा, जुना शिकारी, तोडगे-उतारे करणारी म्हातारी, मोठ्या वाड्याच्या स्वयंपाकघरात जमलेली गडीमाणसं. पाऊस येतो, शेकोटी पेटते, कोणी तंबाखू भरतो, आणि मग गोष्ट निघते. मधेच कोणी टोकतं, "छे, असं नव्हतं." ऐकणाऱ्यांपैकी कोणाचा विश्वास बसतो, कोणाचा नाही. म्हणजे कोण, कुठे, कसल्या हवेत, कोणासमोर बोलतंय हे सगळं कथेच्या अंगाला चिकटून येतं. माणसं त्याने थोडी घडवलेली आहेत. तरी आज लोकसाहित्याचा विद्यार्थी ज्याला "कथनाचा प्रसंग" म्हणून मार्क मिळवतो ते त्याने १८४५ मध्ये हौसेने लिहून ठेवलं.

त्यातली एक कथा ऑस्लोतल्या आकेर्सेल्वा नदीच्या वरच्या अंगाला लाकूड कापायच्या जुन्या गिरणीपाशी घडते. ती सुरू होते ती वैतागलेल्या माणसापासून. जग मनाविरुद्ध गेलं की मी मोकळ्या हवेत पाय मोकळे करायला निघतो, असं काहीसं म्हणत तो बाहेर पडतो. मी त्या नदीकाठाने रोज ऑफिसला जाते. आता तिथे सूतगिरण्यांचे फ्लॅट झालेत. पण खाली आंकेर पुलाच्या चार कोपऱ्यांवर कथांतली चार पात्रं ब्राँझमध्ये उभी आहेत, १९३७ पासून. पेर गिंट रेनडिअरवर, छोटा फ्रिक सारंगी घेऊन, लाकडी झग्याची कारी, आणि पांढरं अस्वल झालेला राजा. लेकीला घेऊन गेले की प्रत्येकाला "हाय" म्हटल्याशिवाय पूल ओलांडता येत नाही.

---

तळ्यात_मळ्यात

पेर गिंट म्हणजे इब्सेनचा ना? तो लोककथेतला आहे हे माहीत नव्हतं.

---

कुडकुड

हो. आस्ब्यर्नसेनने रोंडाने पर्वतातल्या रेनडिअरच्या शिकारीची गोष्ट लिहिली, तिच्यात पेर गिंट नावाच्या शिकाऱ्याच्या थापा येतात. इब्सेनने तिथून नाव आणि काही प्रसंग उचलून १८६७ मध्ये नाटक केलं. त्याआधी, १८६२ मध्ये, इब्सेन स्वतः विद्यापीठाच्या पैशावर लोककथा आणि गाणी गोळा करायला गुडब्रान्सदाल भागात फिरला होता. संग्राहक म्हणून त्याने फार दिवे लावले नाहीत, पण नाटककाराला दिवे लागले.

---

शंकासुर

ठीक. "घडवलं" हे मान्य केलंत, तेवढ्यावर समाधान. पण सांगणाऱ्यांची नावं? पुस्तकावर आस्ब्यर्नसेन आणि मू. ज्या म्हातारीने गोष्ट सांगितली तिचं नाव कुठाय?

---

मोरपंखी

शंकासुर, इथे मला राहवत नाही. नावाचा मुद्दा निघालाच आहे तर आपल्याकडचं एक उदाहरण.

मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर, त्यांची मुलगी मेरी. १८६५-६६ च्या हिवाळ्यात वडिलांबरोबर दख्खनच्या दौऱ्यावर होती. सोबतीला आया, ॲना लिबराटा डिसूझा. ॲनाचं मूळ घराणं लिंगायत, कालिकतचं, पुढे गोव्याजवळ येऊन राहिलेलं आणि ख्रिस्ती झालेलं. वेळ जायला तिने आजीकडून ऐकलेल्या गोष्टी सांगितल्या, मेरीने इंग्रजीत उतरवल्या. "ओल्ड डेक्कन डेज" हे पुस्तक १८६८ मध्ये लंडनमध्ये निघालं. त्यात गोष्टींच्या आधी ॲनाची स्वतःची हकीकत आहे: नवरा, मुलं, नोकऱ्या, महागाई. सांगणारी बाई नावागावासकट पुस्तकात आली.

आणि मजा म्हणजे त्यातली पहिलीच गोष्ट पंचकिनची. या जादूगाराचा प्राण पोपटात. रान, रानात ताडांचं रिंगण, रिंगणात पाण्याने भरलेल्या सहा घागरींची उतरंड, तळाला पिंजरा, पिंजऱ्यात हिरवा राघू. आता नॉर्वेतला तो राक्षस आठवा ज्याच्या अंगात काळीजच नाही...

---

कुडकुड

मोरपंखी, अगदी! दूर दूर एक तळं, तळ्यात बेट, बेटावर चर्च, चर्चमध्ये विहीर, विहिरीत बदक, बदकात अंडं, अंड्यात राक्षसाचं काळीज. दोन्हीकडे कैद केलेली राजकन्या गोड बोलून गुपित काढून घेते. आपल्याकडे पोपटाचा एकेक पाय-पंख तोडायचा, इथे अंडं दाबायचं. या कथेचा क्रमांक ३०२. ताडाच्या जागी चर्च आणि राघूच्या जागी बदक येतं, सापळा तोच.

नावांच्या बाबतीत मात्र शंकासुरांचं बरोबर. मुख्य संग्रहात दरीचं नाव येतं, माणसाचं जवळजवळ येत नाही. याच काळात गाण्यांचं असंच झालं. तेलेमार्कमधली ऊलेआ क्र्यगेर ही पाद्र्याची मुलगी, १८४० च्या दशकात घरोघरी जाऊन जुनी पोवाड्यासारखी गीतं टिपत होती. लान्स्टाड या पाद्र्याचा जो मोठा गीतसंग्रह १८५३ मध्ये पुरा झाला त्यात तिचं पुष्कळ काम आहे. पुस्तक ओळखलं जातं लान्स्टाडच्या नावाने.

---

बोरन्हाण

म्हणजे शेवटी सगळ्या गोष्टी भारतातूनच गेल्या हे सिद्ध झालं ना? माझ्या काकांनी कालच फॉरवर्ड पाठवला होता की युरोपच्या सर्व परीकथा पंचतंत्रातून चोरलेल्या आहेत.

---

मोरपंखी

काकांना सांगा, त्यांच्या आधी हे एका जर्मनाने म्हणून झालंय. थिओडोर बेन्फाय, १८५९, पंचतंत्राच्या जर्मन अनुवादाची प्रस्तावना. बऱ्याचशा कथा भारतातून निघून अरबी-फारसीमार्गे युरोपात गेल्या असं त्याचं म्हणणं. काही प्राणिकथांच्या बाबतीत तो प्रवास दाखवताही येतो. "सर्व" म्हटलं की गाडी घसरते. पुढे अभ्यासकांनी एकेक कथा वेगळी धरून तिची रूपं नकाशावर मांडायला घेतली. फिनलंडच्या आंटी आर्नेने १९१० मध्ये पहिली क्रमवारी केली, अमेरिकेच्या थॉम्पसनने वाढवली, जर्मनीच्या उथरने २००४ मध्ये नव्याने बांधली. कुडकुड सांगताहेत ते १२२ आणि ३०२ तिथलेच.

---

नानबा

चोरी म्हणायचं तर वस्तू मूळ मालकाकडून नाहीशी व्हायला हवी. भोपळा आमच्याकडेच आहे.

---

पाटावरवंटा

नानबा 😄

मी जरा स्वयंपाकघरातून शिरते. आस्ब्यर्नसेनचं नाव मी वेगळ्याच कारणाने ऐकलंय. १८६४ मध्ये त्याने टोपणनावाने पाककृतींचं पुस्तक लिहिलं. नॉर्वेत घरोघरी पिठाची पेज व्हायची, तिला "ग्र्यत" म्हणतात. बायका पेज शिजून खाली उतरवली की वरून आणखी मूठभर कोरडं पीठ घालून ढवळायच्या. हा म्हणाला, हे कच्चं पीठ पचत नाही, फुकट जातं, देशाचं धान्य वाया घालवताय. त्यावर ऐलर्ट सुंट हा समाजाभ्यासक बायकांच्या बाजूने उभा राहिला: पिढ्यान्पिढ्या करताहेत तर त्यांना काही कळत असेल. दोन वर्षं वर्तमानपत्रांत धुमश्चक्री. तिला "पेजेचं भांडण" म्हणूनच ओळखतात.

मला यात गंमत वाटते ती ही: ज्या म्हातारीच्या तोंडची गोष्ट याला सोन्यासारखी वाटली, तिच्या हातची पेज याला अडाणीपणा वाटला!

---

हळदुली

पाटावरवंटा, हे भारी आहे. आणि पिठल्यात शेवटी कच्चं पीठ टाकणाऱ्या माझ्या सासूबाईंना मी हे वाचून दाखवणार नाही.

---

कुडकुड

पाटावरवंटा, __/\__. हे धाग्यात हवंच होतं. तो माणूस होताच तसा. एकीकडे हुल्ड्राच्या मागे, दुसरीकडे समुद्राच्या तळाशी. १८५३ मध्ये हार्डांगर फ्योर्डच्या खोल पाण्यातून त्याने अकरा बाहूंचा एक तारामासा वर काढला, विज्ञानाला तोवर ठाऊक नसलेला. नाव दिलं ब्रिसिंगा, फ्रेया देवीच्या कंठहारावरून. मासा शास्त्राचा, नाव पुराणातलं. पुढे जर्मनीत जंगलशास्त्र शिकला, वनाधिकारी झाला. जाईल तिथे गोष्टी ऐकत राहिला. मू बिचारा चर्चमध्ये गुंतला, म्हणून १८७१ चा नवा संग्रह मुख्यतः आस्ब्यर्नसेनने मार्गी लावला.

आता शंकासुर विचारायच्या आधीच सांगते, काय गाळलं. चावट गोष्टी! त्या टिपल्या होत्या, कारण सांगणाऱ्यांनी सांगितल्या होत्या, पण घरी मुलांसमोर वाचायच्या पुस्तकात त्यांना जागा नव्हती. वह्यांत पडून राहिल्या. १९७० च्या दशकात कुठे छापून आल्या. एक बिशप आणि एक सरकारी अधिकारी यांच्या कागदांत हे निघावं, मला फार आवडलं.

---

तळ्यात_मळ्यात

गाळलेल्यांत सामी लोक पण धरा ना, उत्तरेकडचे मूळ रहिवासी. मी उत्तर नॉर्वेत त्रोम्सोला दोन वर्षं होते. तिथे गेल्यावर कळतं की "नॉर्वेच्या लोककथा" म्हणून जे चित्र आपल्या डोळ्यांपुढे येतं ते दक्षिणेकडच्या दऱ्यांचं आहे. उत्तरेच्या सामींच्या कथा वेगळ्याच. त्यांचा राक्षस स्टालो, दांडगा, हावरा आणि मठ्ठ. त्या कथा मोठ्या प्रमाणावर छापल्या गेल्या त्या यूस्ट क्विगस्टाडच्या चार खंडांत, १९२७ ते २९. एका बाजूला सामी, समोर नॉर्वेजियन. आणि हे खंड त्याच काळातले, जेव्हा शाळांमधून सामी भाषा हाकलणं हे सरकारी धोरण होतं. क्विगस्टाड स्वतः १९१० ते १२ शिक्षण आणि चर्च खात्याचा मंत्री होता. एका हाताने भाषा वहीत टिपायची, आणि ज्या सरकारात बसायचं त्याच्या शाळेत ती मुलांच्या तोंडून काढायची.

---

शंकासुर

हे वाचून सुन्न झालो.

पण मग कुडकुडच्या मूळ प्रश्नाकडे. "जपलं म्हणजे काय केलं?" माझ्या मते त्यांनी गोष्टी नाही जपल्या. त्यांनी भाषा कमावली. बरोबर का?

---

कुडकुड

बऱ्याच अंशी, हो. मला हेच म्हणायचं होतं, तुम्ही एका ओळीत म्हणालात.

नॉर्वेत आज लिहायच्या दोन अधिकृत भाषा आहेत. एक न्यूनोर्स्क, ती ईवार आसेनने (तोही १८१३ चाच) गावोगावच्या बोली तपासून त्यांच्यावर उभी केली. दुसरी बूकमोल, डॅनिशला हळूहळू नॉर्वेजियन करत आणलेली. या दुसऱ्या वाटेवर लोकांना पहिल्यांदा विश्वास दिला तो या गोष्टींनी. छापील भाषेत आपल्यासारखं बोलता येतं हे लोकांनी वाचून पाहिलं. नंतर प्रत्येक आवृत्तीत शब्द आणखी बदलत गेले. आस्ब्यर्नसेन स्वतः बदलत राहिला, आणि ते काम त्याने मूच्या मुलावर सोपवलं. मोल्टके मू, पुढे विद्यापीठात लोकभाषा आणि लोकपरंपरेचा प्राध्यापक. म्हणजे "मूळ संहिता जशीच्या तशी" हे इथे कधी नव्हतंच. लेकीच्या बालवाडीतला ट्रोल "पूल" हा शब्दही १८४० च्या दशकातल्या छापील ट्रोलपेक्षा वेगळा उच्चारतो. तेव्हा डॅनिश वळणाचा "ब्रू", "ब्रो"कडे झुकणारा. आता चक्क गावठी "ब्रू", ओठांचा चंबू करून.

---

नानबा

शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. दोन्ही ब्रू सारखेच दिसताहेत.

---

कुडकुड

देवनागरीने हात टेकले, नानबा. पहिला "ब्रो" समजा, दुसरा "ब्रू".

---

हळदुली

मी ग्रंथालयात काम करते म्हणून माझा कंटाळवाणा प्रश्न. मूळ वह्या कुठे आहेत? कोणाला बघता येतात?

---

कुडकुड

कंटाळवाणा कसला. आस्ब्यर्नसेन, मू, मोल्टके मू आणि भाषाभ्यासक सोफुस बुग्गे यांच्या कागदांवर १९१४ मध्ये नॉर्वेचा लोकपरंपरा संग्रह स्थापन झाला, तो आज ऑस्लो विद्यापीठाकडे आहे. १९२० पासून एक मंडळ त्यातलं साहित्य पुस्तकरूपाने काढतंय. १९४६ पासून दुसऱ्या एका संस्थेने वेगळी पद्धत धरली: देशभर प्रश्नावल्या पाठवायच्या (लोणी कसं काढता, नाताळात काय करता, कोण काय खातं) आणि लोकांनी घरून उत्तरं लिहून पाठवायची. अलीकडे ऑस्लोतले हे दोन आणि बर्गनचा एक अशा तीन संग्रहांचे कागद "साम्ला" नावाच्या प्रकल्पात स्कॅन केले गेले.

मी काही पानं स्क्रीनवर पाहिली. जुनं गॉथिक वळण, घाईत लिहिलेलं, शब्द अर्धे तोडलेले. आपल्याकडे मोडी वाचायला बसल्यासारखं. एक अक्षर लागेना.

आणि चित्रांबद्दल लिहायचं राहिलंच. ट्रोल म्हटल्यावर जो डोळ्यांपुढे येतो, अंगावर शेवाळ, डोक्यावर झाडं उगवलेली, अर्धा डोंगर, अर्धा म्हातारा, तो टिपणाऱ्यांनी फारसा वर्णन केलेला नाही. तो थेओडोर किटेल्सेन या चित्रकाराचा. १८८० च्या दशकात वेरेनशोल्ड आणि त्याने मुलांसाठीच्या आवृत्त्यांना चित्रं काढली, आणि तेव्हापासून ट्रोलला तोंड मिळालं. बोकडांच्या गोष्टीत त्याचं वर्णन एवढंच: जस्ताच्या थाळ्यांएवढे डोळे आणि दंताळ्याच्या दांड्याएवढं लांब नाक.

---

मोरपंखी

कुडकुड, नॉर्वेच्या गोष्टी संपताना काय म्हणतात? आपलं "साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण" असतं तसं?

---

कुडकुड

"स्निप स्नाप स्नूते, गोष्ट गेली ऊते." स्नूते म्हणजे जनावराचं नाकाड, ऊते म्हणजे बाहेर, संपली. अर्थ शोधू नये, यमक घ्यावं. आणि बोकडांच्या गोष्टीत त्याच्या आधी आणखी एक वाक्य येतं: कुरणात ते इतके लठ्ठ झाले की घरी चालवेना, आणि चरबी झडली नसेल तर अजूनही तसेच असतील.

---

बोरन्हाण

काकांना मोरपंखींचा प्रतिसाद पाठवला. त्यांनी मला ग्रुपमधून काढलं.

---

पाटावरवंटा

धागा वर काढतेय. वरच्या तूपरोटी-दूधभात भांडणानंतर काल आत्याकडे गेले. वय ८४. फोन टेबलावर ठेवला आणि म्हटलं, भोपळ्याची गोष्ट सांग. आधी म्हणाली, ही काय गोष्ट सांगायचं वय आहे का माझं? मग सांगितली. सात मिनिटं.

नोंद करून ठेवते, शंकासुरांना आवडेल. ठिकाण: तिचं स्वयंपाकघर. वेळ: संध्याकाळ, भाजी चिरता चिरता. कोणाकडून ऐकली: तिच्या आजीकडून. भोपळा लाल (नानबा, अभिनंदन). कोल्हा आहे, आणि तो वाघाच्या आधीच येतो. "तूपरोटी" नाही, "दूधभात" पण नाही. आत्या म्हणाली, "लेकीकडे जाईन, शिळंपाकं खाईन, तरी जाडी होईन." मी विचारलं, शिळंपाकं का गं? म्हणाली, लेकीच्या सासरी आईला तूप कोण घालतंय?

मधे कुकरच्या तीन शिट्ट्या आहेत. त्या काढलेल्या नाहीत.